तांडेलाच्या नजरेचा समुद्र

नमस्कार, श्रोतेहो.

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून पश्चिमेकडे जाणाऱ्या गाडीत बसलं, की पाच-साडेपाच तासांनी सेंट अर्थ नावाचं लहानसं जंक्शन येतं. तिथं गाडी बदलायची. पुढची छोटी गाडी खाडीच्या कडेकडेनं निघते आणि पाव तासात तुम्हाला सेंट आइव्हजला सोडते. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉल परगण्यातलं हे मच्छीमारांचं गाव, समुद्रात घुसलेल्या भूशिरावर वसलेलं. तिथल्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाबद्दल आज तुमच्याशी बोलायचं आहे.

त्याचं नाव टेट सेंट आइव्हज. लंडनच्या टेट गॅलरीची ही शाखा १९९३ साली उघडली. पोर्थमिअर नावाच्या पुळणीच्या अगदी समोर, जिथं पूर्वी गॅस तयार करण्याचा कारखाना होता, त्याच जागेवर ती उभी आहे. कारखान्याची गॅसची टाकी गोल होती, म्हणून वास्तुकारांनी दर्शनी भागही गोल ठेवला. त्या गोलात उभं राहिलं की लाटांचा आवाज चहूबाजूंनी येतो. आत जाताना पॅट्रिक हेरन या चित्रकाराची रंगीत काचेची भलीमोठी खिडकी लागते. एकही ओळखीची आकृती नाही, नुसते रंग. मी तिच्यासमोर थांबले खरी, पण मनात जुनंच वाक्य आलं: यातलं मला काही कळत नाही.

तुमच्यापैकीही अनेकांना असंच वाटत असेल. म्हणूनच पुढचं सांगते.

पुढच्या दालनात एक छोटंसं चित्र होतं. पुठ्ठ्यावर काढलेलं, कडा वेड्यावाकड्या कापलेल्या. होडी बाजूनं दिसते, पण बंदर मात्र वरून, घारीनं पाहावं तसं. घरं कलंडलेली. दीपगृह केवढं मोठं, आणि त्याच्या शेजारचा डोंगर एवढासा. मी तिथं खिळून राहिले, कारण असं चित्र मी आधी पाहिलं होतं. आमच्या अंगणात.

माझे आजोबा हर्णैचे तांडेल, म्हणजे मासेमारीच्या होडीचे म्होरके. आम्ही मुलं विचारायचो, "आबा, बंदरात होडी कशी आणता?" मग ते काठीनं मातीत रेघा ओढायचे. सुवर्णदुर्ग नखाएवढा काढायचे आणि पाण्याखालचं एक खडप ताटाएवढं. "आबा, किल्ला एवढासा का?" तर म्हणायचे, "होडी खडपावर फुटते बाय, किल्ल्यावर नाय."

ते पुठ्ठ्यावरचं चित्र आल्फ्रेड वॉलिसचं. जन्म १८५५चा. तरुणपणी शिडाच्या जहाजांवर खलाशी होता, अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंडपर्यंत जाऊन आलेला. पुढं सेंट आइव्हजमध्ये जुनी शिडं, दोरखंड, लोखंड घेण्या-विकण्याचा धंदा केला. १९२२ मध्ये बायको गेली, घर रिकामं झालं आणि सत्तरीला टेकलेला हा माणूस सोबत म्हणून चित्रं काढायला लागला. चित्रकला कुणाकडे शिकलेला नव्हता. जुन्या खोक्यांचा पुठ्ठा आणि होड्यांना लावायचा रंग, एवढंच सामान. पुठ्ठा जसा हाती येईल, त्या आकारात चित्र बसवायचा. जे महत्त्वाचं ते मोठं, बाकीचं लहान. आणि काढायचा आठवणीतलं: वाफेच्या बोटी आल्यावर नाहीशी झालेली शिडाची जहाजं, जी आता कुणाला दिसणार नव्हती.

ऑगस्ट १९२८ मध्ये बेन निकल्सन आणि क्रिस्टोफर वुड हे दोन तरुण चित्रकार त्या गल्लीतून चालले होते. म्हाताऱ्याच्या घराचं दार उघडं होतं. आत भिंतीवर खिळ्यांनी ठोकलेले पुठ्ठे दिसले आणि दोघं थबकले. आपण धडपडून जे शोधतोय ते या म्हाताऱ्याला आधीच साधलंय, हे त्यांनी ओळखलं. निकल्सन पुढं ब्रिटनमधल्या आधुनिक चित्रकारांत अग्रणी झाला.

१९३९ मध्ये, युद्ध तोंडावर असताना, तो बायको-मुलांसह इथं राहायला आला. बायको म्हणजे शिल्पकार बार्बरा हेपवर्थ. तिचं घर आणि शिल्पं घडवायची जागा गावातच आहे, चुकवू नका. तिनं मांडून ठेवलेली शिल्पं बागेत आहेत आणि अर्धवट घडवलेले दगडही जागच्या जागी आहेत. तिच्या काही शिल्पांत पोकळीच्या आरपार ताणलेल्या दोऱ्या दिसतात. ती म्हणायची, हा माझ्यात आणि समुद्र, वारा, डोंगर यांच्यात जाणवणारा ताण आहे. वाऱ्यात दोर धरून उभं राहिलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

चित्रकार इथंच का जमले? १८७७ मध्ये रेल्वे आली. पुढं तारलीसारख्या माशाची मासेमारी घटत गेली आणि जाळी, मासे ठेवायचे माळे रिकामे पडू लागले. मोठी जागा, भरपूर उजेड. चित्रकारांनी ते भाड्यानं घेतले. पोर्थमिअर स्टुडिओ ही तशीच एक इमारत. वर चित्रकार आणि खाली मच्छीमार, हा शेजार तिथं अजून टिकून आहे. मला संग्रहालयाइतकीच ती इमारत आवडली.

२०१७ मध्ये संग्रहालय वाढवलं, तेही मागची टेकडी पोखरून, म्हणजे गावाची ठेवण बिघडली नाही. दुसऱ्याच वर्षी त्याला ब्रिटनमधलं वर्षातलं सर्वोत्तम संग्रहालय म्हणून गौरवलं गेलं.

वॉलिस १९४२ मध्ये निराधारांच्या आश्रमात वारला. त्याची कबर बार्नूनच्या दफनभूमीत, संग्रहालयाच्या वरच्या उतारावर आहे. बर्नार्ड लीच हा थोर कुंभार याच गावातला. त्यानं भाजलेल्या फरशांनी ती मढवली आहे. फरशांवर एक प्रचंड दीपगृह आहे आणि त्याच्या दाराशी काठी टेकत निघालेला एक एवढासा म्हातारा. मी तिथं बराच वेळ बसले. खाली संग्रहालयाचं छप्पर, पलीकडे पुळण, ओहोटी लागलेली. पाणी मागं सरकत होतं आणि एकेक खडप वर येत होतं.