गळा तिचा, चेहरा दुसरीचा

माहितीपटाचं निवेदन : लोलिएटा हॉलोवे (1946–2011)

(दृश्य : अंधार. फिरणारी तबकडी. सुई टेकते, खरखर ऐकू येते.)

1989 सालचा सप्टेंबर. ब्रिटनमध्ये रेडिओ लावा, क्लबात जा, दुकानात शिरा, सगळीकडे एकच गाणं वाजत होतं. 'राइड ऑन टाइम'. सलग सहा आठवडे ते पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्या वर्षी ब्रिटनमध्ये याहून जास्त खपलेली दुसरी सिंगल, म्हणजे एका गाण्याची तबकडी, नव्हती. गटाचं नाव ब्लॅक बॉक्स. टीव्हीवर गाणं लागलं की एक उंच, सडपातळ तरुणी दिसायची. ओठ हलायचे, आणि तिच्या तोंडून छातीफोड, चर्च दणाणून सोडेल असा आवाज यायचा.

ती तरुणी कात्रिन किनॉल, एक फ्रेंच मॉडेल. ती गात नव्हती.

आवाज होता शिकागोच्या बेचाळीस वर्षांच्या एका बाईचा. तो तिने नऊ वर्षांपूर्वी, दुसऱ्याच गाण्यासाठी दिला होता. तबकडीवर तिचं नाव नव्हतं.

ही गोष्ट त्या बाईची आहे.

(दृश्य : शिकागोची दक्षिण बाजू. विटांची घरं, रविवारची सकाळ, चर्चकडे निघालेली माणसं.)

लोलिएटा हॉलोवेचा जन्म 5 नोव्हेंबर 1946चा, शिकागोचा. घरात गाणं होतं ते देवाचं. आईचा स्वतःचा गायकवृंद होता, हॉलोवे कम्युनिटी सिंगर्स. मुलगी त्यातच गायला लागली.

गॉस्पेलमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिसंगीतात, गळा कसा तयार होतो, हे इथे थांबून पाहायला हवं, कारण पुढची सगळी कथा त्यावर उभी आहे. गाणं संथ सुरू होतं. कडवी होतात. मग वृंद एकच ओळ धरतो आणि सोडतच नाही. आपल्याकडे भजनात गजर धरावा तसा. ओळ तीच, लय चढत जाते, टाळ्या वाढतात, आणि मुख्य गायिका त्या ओळीवर उभी राहून सुचेल ते गाते. हाक मारते, रडते, विनवते, टिपेला जाऊन तिथेच ठाण मांडते. हे लिहून दिलेलं नसतं. गळ्यात दम आणि मनात श्रद्धा असेल तेवढंच ते जमतं. लोलिएटाला ते लहानपणापासून जमत होतं.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ती 'द कॅरव्हॅन्स'मध्ये गेली. अल्बर्टिना वॉकर यांचा हा गट म्हणजे गॉस्पेल गायकांचं घराणंच. शर्ली सीझर, इनेझ अँड्र्यूज, पियानोवर जेम्स क्लीव्हलंड, असे मोठे कलावंत तिथून घडून गेले होते. त्या पंगतीत बसायला मिळणं ही साधी गोष्ट नव्हती.

(दृश्य : जुन्या गिटारीच्या तारांवरून फिरणारी बोटं.)

मग तिला फ्लॉइड स्मिथ भेटले. वयाने तिच्यापेक्षा खूप मोठे, जॅझच्या जुन्या जमान्यातले गिटारवादक. 1939 साली, विजेवरची गिटार अजून नवलाईची होती तेव्हा, अँडी कर्कच्या वाद्यवृंदाबरोबर त्यांनी वाजवलेली एक तबकडी गाजली होती. तेच तिचे व्यवस्थापक झाले, निर्माते झाले, पुढे पती झाले. चर्च सोडून सोलकडे, म्हणजे त्याच गळ्याने गायच्या लौकिक प्रेमगीतांकडे, वळायचं म्हणजे घरच्यांच्या, समाजाच्या नजरेत काय होतं, हे गॉस्पेलच्या जगात वाढलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. अरीथा फ्रँकलिनपासून कितीतरी जणी त्याच वाटेने गेल्या होत्या. लोलिएटाही गेली.

अटलांटातल्या अवेअर या छोट्या कंपनीसाठी ती गाऊ लागली. 1975 साली तिथलं 'क्राय टू मी' सोलच्या यादीत पहिल्या दहांत पोचलं. संथ गाणं, मोडलेल्या संसाराचं. तिचं नृत्यसंगीतच ऐकलेल्या लोकांना मी हे गाणं मुद्दाम ऐकायला सांगतो. त्यात घाई नाही. ती दुःखाजवळ बसून राहते. पण यश हाती येतंय तोवर कंपनीच बुडाली.

(दृश्य : फिलाडेल्फिया. स्टुडिओ, व्हायोलिनची रांग, ड्रमवादकाचे हात.)

पुढचा मुक्काम साल्सोल. साल्सा आणि सोल मिळून हे नाव झालं. कंपनी न्यूयॉर्कच्या केअर बंधूंची, पण वाजवणारे बरेचसे फिलाडेल्फियाचे. त्यांतलेच गिटारवादक नॉर्मन हॅरिस साल्सोलच्या छत्राखाली गोल्ड माइंड नावाची शाखा चालवत. त्यांनी लोलिएटाला घेतलं. मागे चाळीस वाद्यं असोत की ड्रमचा धडाका, तिचा आवाज दबला नाही.

1977 साली 'हिट अँड रन' या तिच्या गाण्याचं जे झालं ते नृत्यसंगीताच्या इतिहासात नोंदवलं गेलं. साल्सोलने वॉल्टर गिबन्स नावाच्या तरुण डीजेला गाण्याची मूळ मल्टिट्रॅक टेप दिली. ड्रम, गिटार, व्हायोलिन, गळा, सगळं वेगवेगळ्या पट्ट्यांवर. तोवर डीजेच्या हाती तयार मालच यायचा. गिबन्सने काय केलं? सुरुवातीचं नेटकं गायलेलं कडवं उडवलं, वाद्यं विरळ केली. आणि शेवटचा भाग, जिथे लिहिलेले शब्द संपल्यावर लोलिएटा मोकळी सुटते, हुंकारते, दटावते, खिदळते, तो पुढे आणून पसरवला. साधारण सहा मिनिटांचं गाणं अकरा मिनिटांचं झालं.

म्हणजे त्याने नेमका चर्चचा गजर उचलला. न्यूयॉर्कच्या क्लबात मध्यरात्री जे लोक त्यावर नाचत होते, त्यांच्यापर्यंत शिकागोची रविवार सकाळच पोचली होती. डिस्को म्हणजे पोकळ झगमगाट, असं म्हणणाऱ्यांनी ही अकरा मिनिटं ऐकावीत.

(दृश्य : स्टेडियम. धूर. मैदानात धावणारी गर्दी.)

12 जुलै 1979. शिकागो, तिचंच शहर. कोमिस्की पार्कवर बेसबॉलचे दोन सामने होते. स्टीव्ह डाल या डिस्कोविरोधी रेडिओ निवेदकाने आवाहन केलं होतं : डिस्कोची एक तबकडी आणा, 98 सेंटमध्ये आत या. दोन सामन्यांच्या मध्ये तबकड्यांनी भरलेलं खोकं सुरुंग लावून उडवलं गेलं. हजारो लोक मैदानात घुसले. दुसरा सामना झालाच नाही. त्या रात्री तिथे व्हिन्स लॉरेन्स नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करत होता. त्याने पुढे सांगितलं की लोकांनी आणलेल्या तबकड्यांत कितीतरी डिस्कोच्या नव्हत्याच. त्या कृष्णवर्णीय कलावंतांच्या होत्या, एवढंच.

यानंतर बड्या कंपन्यांनी डिस्को हा शब्दच टाकून दिला.

लोलिएटा मात्र गातच होती. त्याच 1979 साली डॅन हार्टमन या गोऱ्या गीतकार-गायकाच्या 'रीलाइट माय फायर'मध्ये ती मधेच येते आणि गाणं आपल्या ताब्यात घेते. हार्टमनने तो आवाज ओळखला. पुढच्या वर्षी त्याने तिच्यासाठीच एक गाणं लिहिलं आणि स्वतः निर्मिती केली. 'लव्ह सेन्सेशन'.

ध्वनिमुद्रणाची आठवण तिनेच मुलाखतीत सांगितली होती. हार्टमनने तिच्याकडून ते गाणं सुमारे तीस वेळा गाऊन घेतलं. गळा बसला. तेव्हा तिने कॉफीत विक्स घालून घेतलं आणि पुन्हा उभी राहिली. गळ्यासाठी असला उपाय कुणीही करू नये, तो धोक्याचा आहे. पण त्या गाण्यात एक स्वर ती लांबवते, लांबवतच राहते, तो ऐकताना त्या खोलीत शेवटच्या शेवटच्या वेळी माइकसमोर उभी असलेली, घसा सोलून निघालेली बाई मला दिसते. 1980 साली हे गाणं अमेरिकेच्या डान्स यादीत पहिलं आलं.

(दृश्य : रिकामा स्टुडिओ. झाकून ठेवलेला पियानो.)

पुढची वर्षं पडती होती. 1982 साली फ्लॉइड स्मिथ गेले. साल्सोल बंद पडली. अधूनमधून तबकड्या निघत होत्या, पण पूर्वीचे दिवस राहिले नव्हते.

आणि तरीही तिच्याच गावात, जिथे तबकड्या उडवल्या होत्या तिथेच, एक नवं संगीत जन्मत होतं. न्यूयॉर्कहून आलेला फ्रँकी नकल्स हा डीजे शिकागोच्या वेअरहाउस क्लबमध्ये साल्सोलच्या तबकड्या वाजवत होता. त्या क्लबच्या नावावरून या नव्या नृत्यसंगीतासाठी 'हाउस' हा शब्द रूढ झाला. कोमिस्की पार्कवर जागा दाखवणारा तो व्हिन्स लॉरेन्सही पुढे हाउसच्या पहिल्या तबकड्या करणाऱ्यांत होता. या सगळ्यांच्या कानात लोलिएटाचा आवाज होता.

मग सॅम्पलर आला. रेकॉर्डवरचा हवा तेवढा आवाज यंत्राच्या स्मृतीत साठवायचा, बटण दाबलं की वाजवायचा. इटलीतल्या तिघांनी, डानिएले दावोली, मिर्को लिमोनी आणि व्हालेरिओ सेंप्लिची यांनी, 'लव्ह सेन्सेशन'मधले तिचे तुकडे असे उचलले आणि पियानोच्या ठोक्यांवर बसवले. मूळ ओळीत ती म्हणते 'राइट ऑन टाइम', म्हणजे अगदी वेळेवर. त्यांना ऐकू आलं 'राइड ऑन टाइम'. तेच नाव ठेवलं. गळा घेतला, शब्द काय आहेत तेही नीट ऐकलं नाही.

यात गायिकेची बाजू लंगडी का पडते, ते समजून घ्यायला हवं. गाण्याची चाल आणि शब्द गीतकाराच्या मालकीचे. ध्वनिमुद्रण कंपनीच्या मालकीचं. जिच्या फुप्फुसातून तो श्वास निघाला तिच्या हातात राहतो तो फक्त जुना करार. त्यात जे लिहिलं असेल तेवढंच तिचं.

लोलिएटा गप्प बसली नाही. ती कायद्याची लढाई लढली. प्रकरण तडजोडीने मिटलं, रक्कम जाहीर झाली नाही. मधल्या काळात गाण्याची नवी आवृत्तीही निघाली. त्या आवृत्तीसाठी हेदर स्मॉल या तरुण गायिकेकडून त्याच ओळी गाऊन घेतल्या होत्या.

ब्लॅक बॉक्सच्या पुढच्या गाण्यांत पुन्हा तेच झालं. चेहरा किनॉलचा, गळा मार्था वॉश यांचा. मार्था वॉश आधी सिल्व्हेस्टर या डिस्को गायकाच्या मागे गायच्या, आणि अंगाने भरलेल्या होत्या, म्हणून पडद्यावर सडपातळ मॉडेल. त्यांनीही न्यायालय गाठलं, आणि त्यांच्या खटल्यांनंतर अमेरिकेत गायकाचं नाव छापण्याबाबत कंपन्यांना सावध व्हावं लागलं. पडद्यावरचा चेहरा आणि मागचा गळा वेगळा असणं आपल्याला नवीन नाही. पण आपल्याकडेही 1949 साली 'महल'च्या तबकडीवर गायिकेचं नाव 'कामिनी' असं छापलं होतं. ते पडद्यावरच्या पात्राचं नाव. श्रोते रेडिओकडे विचारत राहिले, तेव्हा लता मंगेशकर हे नाव सांगितलं गेलं. लोलिएटासाठी असं कुणी विचारत बसलं नव्हतं.

(दृश्य : 1991. नव्या सिंगलचं वेष्टण, हळूहळू जवळ जाणारा कॅमेरा.)

1991 साली मार्की मार्क अँड द फंकी बंच या गटाने 'गुड व्हायब्रेशन्स' काढलं. मार्की मार्क म्हणजे पुढे अभिनेता म्हणून नाव कमावलेला मार्क वॉलबर्ग. याही गाण्याचा कणा 'लव्ह सेन्सेशन'च होता. फरक एकच. या वेळी तबकडीवर छापलं होतं : सहभाग, लोलिएटा हॉलोवे. ऑक्टोबरमध्ये ते अमेरिकेच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. तिथे तिचं नाव पहिल्यांदाच पोचलं होतं, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी.

त्यानंतरही ती क्लबांत, महोत्सवांत गात राहिली. ज्यांच्या जन्माआधी तिने गाणी म्हटली होती अशी पोरं तिच्यासमोर नाचत होती.

21 मार्च 2011 रोजी शिकागोत हृदय निकामी होऊन तिचं निधन झालं. ती 64 वर्षांची होती.

(दृश्य : पुन्हा तीच तबकडी. वेष्टणावर तिचं नाव स्पष्ट दिसतं. सुई टेकते.)

आता आम्ही मूळ 'लव्ह सेन्सेशन' लावतो आहोत. तुकडा नाही, अख्खं गाणं. कडवी संपतील, वृंद एक ओळ धरेल, आणि त्या ओळीवर ती उभी राहील. शब्द नीट ऐका. ती म्हणते आहे, 'राइट ऑन टाइम'.