११४ मेगाबिटचा सुळका

(पडद्यावर एक आलेख. हिरवी रेघ तळालगत सरपटत चालली आहे. मध्येच एक सुळका ताडकन वर जातो आणि तसाच खाली कोसळतो.)

ही रेघ एका स्विचच्या, म्हणजे यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या पेटीच्या, एका पोर्टची, म्हणजे केबल खुपसायच्या एका खोबणीची. पोर्टचा वेग सेकंदाला १०० मेगाबिट, त्याहून एक बिटही जास्त नाही. आणि हा सुळका म्हणतोय की पहाटे तीन ते तीन वाजून पाच मिनिटं या वेळात इथून सरासरी ११४ मेगाबिटच्या वेगानं डेटा आत आला.

शंभर लिटरच्या पिंपात एकशे चौदा लिटर पाणी.

स्विच खोटं बोललेला नाही. केबलही धडधाकट आहे. घोळ घातलाय तो मधल्या दुभाष्यानं, म्हणजे यंत्रांकडून आकडे मागून आलेख काढणाऱ्या, कुणीतरी हातानं लिहिलेल्या दीडेकशे ओळींच्या मॉड्यूलनं.

(जुन्या सर्व्हर खोलीचं दृश्य. केबलचे गुंते.)

असे दुभाषे लागतात, कारण 'नेटवर्क' हा शब्द एकवचनी असला तरी आतला मामला एकवचनी नसतो. १९९० च्या सुमाराला एकाच इमारतीत नॉव्हेलचं आयपीएक्स, मॅकिंटॉशचं ॲपलटॉक, आयबीएमचं एसएनए आणि टीसीपी-आयपी अशा यंत्रांच्या चार भाषांचे चार संसार सुखेनैव नांदत असत. केबल कधी कधी सामाईक, पण कुणाचं कुणाला कळत नसे. देखरेख करणाऱ्या माणसाला मात्र सगळ्यांची ख्यालीखुशाली एकाच पडद्यावर हवी असायची.

१९८८ च्या एप्रिलमध्ये इंटरनेट ॲक्टिव्हिटीज बोर्डानं तोडगा काढला: यंत्रांची खबरबात विचारायला सध्यापुरतं एसएनएमपी ही साधी भाषा वापरा, पुढे त्याच कामासाठी ओएसआय या आंतरराष्ट्रीय प्रमाणांच्या घराण्यातला भारदस्त सीएमआयपी आणू. सध्यापुरता म्हणून आलेला हा पाहुणा आजही ओसरीवर ठाण मांडून बसलाय. १९९३ मध्ये तर तो ॲपलटॉक आणि आयपीएक्सवरून कसा न्यायचा, याचेही रीतसर दस्तऐवज निघाले.

पण भाषा एक झाली म्हणून अर्थ एक होत नाही. साधा हार्डवेअरचा पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक घ्या. इथरनेट आणि टोकन रिंग या केबलवरून डेटा न्यायच्या दोन पद्धती. इथरनेट प्रत्येक बाइटमधले बिट एका टोकाकडून पाठवतं, टोकन रिंग दुसऱ्या टोकाकडून. त्यामुळे इथरनेटवाल्यांच्या पत्त्यात जिथे १२ दिसतं, तिथे टोकन रिंगवाले ४८ लिहायचे. कार्ड एकच, नावं दोन. मॉड्यूलला हे ठाऊक नसेल तर यादीत एका यंत्राची दोन यंत्रं होतात, आणि दुसऱ्याचा शोध घेत कुणीतरी मजले पालथे घालतं.

(आलेख पुन्हा पडद्यावर. सुळक्याभोवती वर्तुळ.)

आता आपल्या सुळक्याकडे वळू.

स्विच कधीच वेग सांगत नाही. तो फक्त मोजत असतो, गाडीतल्या किलोमीटरच्या आकड्यासारखं: आजवर इतके बाइट आत आले. मॉड्यूल दर पाच मिनिटांनी यूडीपीच्या १६१ क्रमांकाच्या पोर्टवर (हे पोर्ट म्हणजे केबलची खोबण नव्हे, एसएनएमपीच्या प्रश्नांसाठी ठरलेला दाराचा क्रमांक) हा आकडा विचारतं, मागचा आकडा वजा करतं, तीनशे सेकंदांनी भागतं. झाला वेग.

अडचण अशी की हा जुना काउंटर ३२ बिटांचा. ४,२९,४९,६७,२९५ झाले की पुन्हा शून्य. नवशिक्याच्या मॉड्यूलमध्ये वजाबाकी उणे येते आणि आलेख जमिनीखाली जातो. मग तो शहाणा होतो आणि एक ओळ वाढवतो: नवा आकडा जुन्यापेक्षा लहान असेल तर काउंटरनं फेरी पूर्ण केली असं समज आणि ४,२९,४९,६७,२९६ मिळव.

ओळ बरोबर आहे. आणि आपला सुळका नेमका तिनंच उभा केलाय.

(पडद्यावर आकडे एकाखाली एक उमटतात.)

तीन वाजताचा आकडा होता एक कोटी. तीन वाजून पाच मिनिटांनी आला वीस लाख. लहान आहे ना? मग मॉड्यूलनं धरून चालायचं की फेरी पूर्ण झाली. हिशोब झाला ४,२८,६९,६७,२९६ बाइट. बाइटचे बिट करायला आठानं गुणा, तीनशेनं भागा: सेकंदाला ११४ मेगाबिट.

खरं काय झालं होतं? मधल्या वेळात स्विच रीबूट झाला होता. काउंटर फेरी मारून नव्हे, झोपेतून उठून शून्यावर आला होता.

आकडा एकच, त्यामागच्या गोष्टी दोन. कुठली खरी, हे त्या आकड्यात लिहिलेलं नसतं. म्हणून जाणता माणूस त्याच पॅकेटमध्ये आणखी एक प्रश्न घालतो: तू सुरू होऊन किती वेळ झाला? उत्तर सेकंदाच्या शंभराव्या भागांत येतं. ते मागच्यापेक्षा कमी असेल, तर वजाबाकीच्या भानगडीत पडायचं नाही. गंमत म्हणजे हे घड्याळही ३२ बिटांचंच. कधीही बंद न पडलेल्या यंत्रात ते ४९७ दिवसांनी शून्यावर येतं आणि मॉड्यूलला वाटतं, रीबूट झाला. एक मोजमाप फुकट जातं. जाऊ दे. खोट्या सुळक्यापेक्षा परवडलं.

गिगाबिटच्या लिंकवर मात्र ही सगळी हुशारी वाया. तिथे पूर्ण वेगात ३२ बिटांची फेरी ३४ सेकंदांत संपते. पाच मिनिटांत किती फेऱ्या झाल्या, देव जाणे. तिथे ६४ बिटांचाच काउंटर मागावा लागतो, आणि तो एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत मिळतच नाही.

(काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं ओळीओळीनं सरकतात.)

काही यंत्रांशी कमांड लाइनवरूनच बोलावं लागतं. मॉड्यूल माणसाचं सोंग घेऊन लॉगिन करतं, कमांड टाइप करतं, उत्तर वाचतं. २४ ओळी झाल्या की यंत्र तळाशी 'मोअर' असं लिहून थांबतं, कुणी स्पेसबार दाबेल म्हणून. मॉड्यूल थांबतं, यंत्र पुढे बोलेल म्हणून. दोघंही कमालीचे सभ्य. सकाळपर्यंत तसेच उभे.

वातानुकूलन आणि वीज मोजणारी यंत्रं आणखी वेगळी. ती बोलतात मॉडबस, जन्म १९७९ चा. त्यात १६ बिटांचे कप्पे असतात. दशांश चिन्हाचा आकडा साधारणपणे ३२ बिटांचा, म्हणून दोन कप्प्यांत ठेवतात, आणि आधी कुठला कप्पा हे प्रत्येक उत्पादक आपल्या मर्जीनं ठरवतो. तापमान २५ अंश असताना कप्पे उलटे वाचले, तर पडद्यावर ०.० दिसतं. हा शून्य मला सुळक्यापेक्षा जास्त भीतीदायक वाटतो. सुळका निदान डोळ्यात खुपतो.

शांततेचंही तसंच. एसएनएमपीला उत्तर आलं नाही, म्हणजे यंत्र मेलं? पॅकेट वाटेत हरवलेलं असू शकतं. परवलीचा शब्द चुकला असेल, तरी दुसऱ्या आवृत्तीपर्यंतचं यंत्र 'चुकलं' असं न सांगता गप्प बसतं. त्यामुळे 'बंद' आणि 'कळत नाही' असे दोन वेगळे रकाने ठेवावे लागतात.

सेटिंग बदलायचं काम तर याहून नाजूक. एक चुकीची ओळ, आणि ज्या वाटेनं मॉड्यूल आत शिरलं तीच बंद. यंत्रांची सेटिंग बदलण्यासाठी २००६ मध्ये आलेल्या नेटकॉन्फ या भाषेत यावर छान सोय आहे, आणि अनेक यंत्रं ती देतात: बदल लागू कर, पण मी दहा मिनिटांत 'ठीक आहे' म्हटलं नाही, तर मागे घे. ही दहा मिनिटं पडद्याकडे बघत काढलेल्या माणसाला तिचं मोल विचारा.

(पहिलाच आलेख. सुळका नाही. हिरवी रेघ चालत येते, थांबते, थोड्या अंतरावर पुन्हा सुरू होते.)

दुरुस्त केलेल्या मॉड्यूलनं काढलेली ही तीच पहाट. तीन ते तीन-पाचच्या जागी काहीच नाही. शून्यसुद्धा नाही. सकाळी कुणीतरी विचारेलच की रेघ इथे तुटली कशी. दोन टोकं जोडून टाका, असंही सुचवेल.

लॉगमध्ये त्या वेळेसमोर एक ओळ आहे: "चालू वेळ १६०००. यंत्र २ मिनिटं ४० सेकंदांपूर्वी सुरू झालं. मोजमाप सोडून दिलं."