आत ठेवायला निकाल कशाला लागतोय?

हा बिंदू चौक. फुले-आंबेडकरांचे पुतळे, मागं जुनी तटबंदी आणि तिला लागूनच जेल. कोल्हापुरात सभा म्हटली की बिंदू चौक आणि ठिय्या म्हटला की दसरा चौक, हे इथल्या शाळकरी पोरालाबी माहीत असतंय. सत्तेवर कोणबी असू दे, त्याला चार शब्द सुनवायला इथं माईक लागतोच.

टोलचंच घ्या की. शहरातले रस्ते खाजगी कंपनीकडनं करून घेतले आणि वर टोल बसवला, तर अख्खं गाव रस्त्यावर आलं. पुढं एन. डी. पाटील सर, कॉम्रेड गोविंद पानसरे, आणि मागं तालमीतली पोरं, रिक्षावाले, वकील, घरातल्या बायका सुद्धा. देणार नाही, टोल देणार नाही! आता कायद्याच्या भाषेत बघितलं तर हे काय होतं, सरकारनं अधिकृतपणे लावलेला टोल भरू नका असं लोकांना उघड सांगणं. जानेवारी २०१४ ला तर नाके पेटले, ते बरोबर झालं असं मी म्हणणार नाही, त्याच्या केसेस पडल्या त्या पडल्याच, पण त्या साध्या कलमांच्या केसेस, जामीन होतो, माणूस घरी येतो, तारखांना हेलपाटे घालतो आणि संध्याकाळी परत मोर्चाला हजर. म्हणून आंदोलन टिकलं आणि टोल गेला.

आता जुलै २०२५ ला या. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेत मंजूर झालं. त्याच्यावर बारा हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या होत्या, आणि तरी मंजुरीच्या वेळी सभागृहात विरोधात ठाम उभा राहिला तो माकपचा एकटा आमदार, बाकी विरोधकांना जाग आली ती नंतर. सरकार म्हणतंय हे फक्त कडव्या डाव्या संघटनांसाठी आहे, तुम्ही कशाला घाबरताय. बरं. पण विधेयकातली बेकायदेशीर कृत्याची व्याख्या जरा निवांत वाचा. सार्वजनिक सुव्यवस्थेत अडथळा आणणं तर आहेच, नुसता अडथळा आणण्याकडं कल असणंबी आहे, आणि प्रस्थापित कायदा पाळू नका असा प्रचार करणंबी आहे. टोलवालं आंदोलन यात कुठं बसतंय ते तुम्हीच बघा.

आणि गंमत अशी की त्याच्या आदल्याच महिन्यात, जून २०२५ ला, याच सरकारनं आणीबाणीत जेल भोगलेल्यांचं मानधन दुप्पट केलं. महिन्याच्या वर आत असलेल्यांना दहाचे वीस हजार. ती माणसं आत गेली होती मिसाखाली, खटल्याविना आत ठेवता येणाऱ्या कायद्याखाली, म्हणजे तेव्हाच्या सरकारच्या मते तीबी देशाच्या सुरक्षेला धोकाच होती! मानधन द्यावंच, त्यांनी सोसलंय. पण त्यांना आत टाकणारा कायदा वाईट होता हे ज्याला कळतंय त्याला नव्या कायद्यात तोच वास येत नाही, हे काय पटत नाही बुवा.

मिसा गेला, मग १९८५ ला टाडा हा दहशतवादविरोधी कायदा आला, तो १९९५ ला संपला, मग २००२ ला तसाच पोटा. पोटाखाली तमिळनाडूत एमडीएमके पक्षाचे नेते वायको यांना एका भाषणासाठी उचललं, खासदार माणूस, दीड वर्षाच्या वर आत. २००४ ला पोटाबी रद्द झाला, पण त्यातला बराचसा माल युएपीएमध्ये, म्हणजे बेकायदेशीर कृत्यं रोखायच्या केंद्राच्या कायद्यात, भरला गेला. युएपीए मूळचा १९६७ चा, इंदिरा गांधींच्या काळातला. आणि त्यातलं सगळ्यात जहाल कलम आलं डिसेंबर २००८ ला, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर काही दिवसांत, तेव्हा केंद्रात काँग्रेसचंच सरकार. २०१९ ला भाजप सरकारनं त्यात आणखी भर घातली, आता संघटना सोडा, एकट्या माणसालाबी कोर्टात न जाता दहशतवादी जाहीर करता येतंय. थोडक्यात कोण कुणाला नावं ठेवणार.

ते जहाल कलम म्हणजे ४३ड, पोटकलम ५. साध्या केसमध्ये साठ नाहीतर नव्वद दिवसांत चार्जशीट आली नाही तर जामीन मिळतो, इथं १८० दिवसांपर्यंत वेळ वाढवून मिळतो. आणि चार्जशीट आल्यावर? पोलिसांचे कागद वाचून आरोप वरवर खरा वाटला की कोर्टानं जामीन द्यायचाच नाही. २०१९ ला वटालीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं अजून घट्ट केलं, की या टप्प्यावर पुरावा खोलात जाऊन तपासायचा नाही. म्हणजे एका बाजूचं ऐकायचं, आणि दुसऱ्या बाजूनं खटला उभा राहीपर्यंत आत बसायचं, मग त्याला पाच वर्षं लागू देत नाहीतर सात.

संसदेत सरकारनंच दिलेला आकडा आहे. २०१६ ते २०१९, युएपीएखाली अटक ५,९२२, दोषी ठरले १३२. आता कोण म्हणेल बाकीच्यांचे खटले चालू असतील. असतीलच. तीच तर तक्रार आहे.

फादर स्टॅन स्वामींचं बघा. भीमा कोरेगाव केसमध्ये ऑक्टोबर २०२० ला त्यांना रांचीतनं उचललं, वय ८३, झारखंडात आदिवासींच्या जमिनीसाठी आयुष्य घातलेला माणूस. पार्किन्सन्समुळं हात इतका थरथरायचा की पेला तोंडाला लावता यायचा नाही. तळोजा जेलमधनं त्यांनी कोर्टात अर्ज केला तो सिपर आणि स्ट्रॉसाठी. एनआयएनं, म्हणजे केंद्राच्या तपास यंत्रणेनं, उत्तर द्यायला वीस दिवस मागून घेतले! वीस दिवसांनी सांगितलं, आम्ही त्यांचा सिपर घेतलाच नव्हता. ५ जुलै २०२१ ला ते गेले, जामिनाचा अर्ज हायकोर्टात पडून होता, खटला उभाच राहिला नव्हता.

जी. एन. साईबाबा, नव्वद टक्के अपंग, व्हीलचेअरवरचे प्राध्यापक. माओवाद्यांशी संबंधाच्या आरोपावरनं २०१७ ला गडचिरोली कोर्टानं युएपीएखाली जन्मठेप दिली. ऑक्टोबर २०२२ ला नागपूर खंडपीठानं सोडलं तर दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सुप्रीम कोर्टानं खास बसून त्या निकालाला स्थगिती दिली. मार्च २०२४ ला हायकोर्टानं परत निर्दोष ठरवलं. बाहेर आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारले. त्यांच्याबरोबरचा पांडू नरोटे तर आधीच, जेलमध्ये असतानाच गेला.

आता एक गोष्ट आम्हा कोल्हापूरकरांना जड जाणारी. पानसरे अण्णांवर १६ फेब्रुवारी २०१५ ला इथंच गोळ्या झाडल्या, २० तारखेला ते गेले. जानेवारी २०२५ ला त्या केसमधल्या सहा आरोपींना हायकोर्टानं जामीन दिला, कारण काय तर वर्षानुवर्षं आत आहेत आणि खटला संपायचं चिन्ह नाही. ऐकून पोटात कालवलं, खोटं कशाला बोलू. पण कारण चुकीचं आहे असं म्हणता येत नाही. निकाल न लागता माणूस किती दिवस आत ठेवायचा याला कुठंतरी हद्द पाहिजे, आणि ती पानसरेंच्या केसमधल्या आरोपीलाबी लागू पाहिजे.

मग खुनाच्या आरोपाला जी फूटपट्टी लागते ती भाषणाच्या आरोपाला का लागत नाही? २०२१ ला नजीबच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की खटला रखडला तर युएपीए असला तरी जामीन देता येतो. आणि सप्टेंबर २०२५ ला दिल्ली हायकोर्टानं दिल्ली दंगलीच्या केसमध्ये युएपीएखाली आत असलेल्या माजी विद्यार्थी नेत्याचा, उमर खालिदचा, जामीन फेटाळला, तेव्हा त्याला आत जाऊन पाच वर्षं होत आली होती, आरोप निश्चित व्हायचेच बाकी होते.