काट्यावरचे वजन फसवते तेव्हा: तीव्र कुपोषित बालक कसे ओळखावे, कसे सावरावे

नमस्कार. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरचे असो वा भिवंडीजवळच्या वीटभट्टीवरचे, मूल कुपोषित आहे का, हे ठरवताना आपण पहिल्यांदा वजनकाट्याकडे वळतो. मात्र अंगावर सूज असलेल्या मुलाचे वजन बरे भरते आणि नेमके तेच मूल नजरेतून सुटते.

म्हणून आधी पावले तपासा. दोन्ही पावलांच्या वरच्या भागावर अंगठे तीन सेकंद दाबून धरा. अंगठे उचलल्यावर दोन्हीकडे खळगा राहिला, तर वजन कितीही असले तरी हे मूल तीव्र कुपोषित, म्हणजे सॅम, समजून डॉक्टरांकडे न्यावे. मग डाव्या दंडाच्या मध्यावर पट्टी गुंडाळा. ती सैल नको आणि कातडीला चुणी पडेल इतकी घट्टही नको. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर सॅम, ११.५ ते १२.५ च्या दरम्यान असेल तर मॅम, म्हणजे मध्यम कुपोषित. उंचीच्या मानाने वजन प्रमाणापेक्षा फारच कमी असणे ही तिसरी खूण आहे, आणि तिन्हींपैकी कोणतीही एक पुरेशी आहे.

सॅम बालकाला भूक असेल, ताप, जुलाब, सूज वा सुस्ती नसेल, तर गावातल्या बाल विकास केंद्रात उपचार होऊ शकतात. अन्यथा पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करावेच लागते.

तिथे घरच्यांना एक गोष्ट मनापासून खटकते: इतक्या उपाशी लेकराला पोटभर जेवायला का देत नाहीत? कारण दीर्घ उपासमारीत हृदय, यकृत आणि मूत्रपिंडे मंदावलेली असतात, आणि एकदम भरपूर आहार दिला तर रक्तातले क्षार ढासळून जीवावर बेतू शकते. म्हणून सुरुवातीला एफ-७५ हे सौम्य दूध, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा उठवून, थोडे थोडे देतात, कारण एक वेळ चुकली तरी रक्तातली साखर घसरते. मुलाला आईच्या उघड्या अंगाशी धरून ऊब देतात आणि ताप नसला तरी प्रतिजैविके सुरू करतात. लोहाचे औषध मात्र थांबवतात. भूक परतून वजन वाढू लागले की ते सुरू होते. भूक परतली आणि सूज असल्यास ती ओसरू लागली की एफ-१०० हे जास्त ताकदीचे दूध येते.

दिवाळीनंतर कुटुंब भट्टीवर गेले की पाठपुरावा तुटतो, म्हणून अंगणवाडीताईंकडून वजन आणि दंडघेर कागदावर लिहून घ्या आणि तो कागद नव्या ठिकाणच्या अंगणवाडीत पहिल्याच आठवड्यात दाखवा.