शनिवार-रविवारी पाणी कोण घालणार?

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ऑफिसच्या बागेबद्दल. म्हणजे रिसेप्शनला माळी आणून ठेवतो ते पाम आणि मनी प्लँट नाही हं, ती बाग त्या माळ्याची. मी म्हणतेय ती आपणच नोकरी करणाऱ्या लोकांनी गच्चीवर नाहीतर पार्किंगच्या कडेला कुंड्या, ग्रो बॅगा, रंगाचे रिकामे डबे मांडून भाजी आणि फुलं लावतो ती. हिंजवडी, खराडी, भोसरी, बऱ्याच ठिकाणी असे गार्डन क्लब निघालेत. व्हॉट्सअॅप ग्रुप होतो, डीपीला सूर्यफूल लागतं आणि पहिल्याच मीटिंगला सगळे तुटून पडतात, काय लावायचं, ब्रोकोली लावू, स्ट्रॉबेरी लावू. माझा तिथे एकच प्रश्न असतो, ते सगळं लावा हो, पण शनिवार-रविवारी पाणी कोण घालणार?

हसू नका. घरच्या कुंडीकडे रोज कुणाचं तरी लक्ष जातं, ऑफिसची बाग शुक्रवारी संध्याकाळी जी वाऱ्यावर पडते ती सोमवारी दहा वाजेपर्यंत, आणि त्यात मध्येच लाँग वीकेंड आला की विचारूच नका. एप्रिलमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, तापलेल्या स्लॅबवरची छोटी कुंडी एका दिवसात खडखडीत कोरडी होते. बरं, सोमवारी भसाभसा पाणी ओतलं की रोप मान वर काढतं, आपल्याला वाटतं वाचलं. पण टोमॅटो हिशोब ठेवतो. थोड्या दिवसांनी फळाच्या बुडाला काळपट, चामड्यासारखा डाग पडायला लागतो, आणि मग ग्रुपवर फोटो, कुठला रोग आलाय, काय फवारू? अहो तो रोगच नाहीये. कधी कोरडं कधी चिखल असं झालं की कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत नीट पोचत नाही, त्याचा तो डाग. निंबोळी अर्क मारा नाहीतर आणखी काही मारा, जाणार नाही. पाणी नियमित करा, पुढची फळं चांगली येतात.

उपाय साधे आहेत. डबा मोठा घ्या, टोमॅटो-वांग्याला वीस लिटरचा, खाली भोकं पाडलेला. मातीवर पालापाचोळ्याचा चांगला जाड थर द्या. लहान कुंड्यांना वात लावता येते, सुती नाडीचं एक टोक मातीत खोल आणि दुसरं शेजारच्या पाण्याच्या बादलीत, नाडी पाणी ओढत राहते (पायजम्याची चालते, फक्त नायलॉनची नको). जास्त कुंड्या असतील तर ठिबक आणि टायमर.

आणि पाणी आणायचं कुठून? उन्हाळ्यात खडकवासल्यातला साठा खाली गेला की कपातीच्या बातम्या सुरू होतात आणि ऑफिसात पहिली कुऱ्हाड बागेवर पडते. एसीचं पाणी बघा ना, पाइपमधून दिवसभर ठिबकत असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात, बादली लावा. आरओचं वेस्टेज पाणी मात्र रोज घालू नका, त्यात क्षार एकवटलेले असतात, पानांच्या कडा करपतात.

वजनाचं पण सांगून टाकते, कारण अॅडमिनवाले त्यावरच अडवतात आणि त्यांचं चूक नाहीये. एक घनफूट ओली माती म्हणजे 45-50 किलो सहज. दोन-तीन ओळी डबे मांडले की स्लॅबवर बरंच ओझं होतं, वॉटरप्रूफिंगची काळजी वेगळीच. तेव्हा इंजिनिअरला विचारा, डबे मधोमध न ठेवता भिंतीच्या, बीमच्या कडेने ठेवा, खाली विटा द्या म्हणजे पाणी साचणार नाही, आणि नुसती माती भरूच नका. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आहेच, पण आपल्या पुण्यात रसवंत्या काय कमी आहेत का, उसाचं चिपाड मागितलं तर पोतंभर देतात. ते वाळवायचं, बारीक तोडून तळाला निम्म्यापर्यंत भरायचं, वर कंपोस्ट आणि थोडी माती. नुसत्या ताज्या चिपाडावर मात्र रोप पिवळं पडतं, कुजताना ते नत्र ओढून घेतं, शिवाय मुंग्या. म्हणून कंपोस्ट हवंच, आणि ते कँटीनच्या ओल्या कचऱ्यातून होतं.

मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या सेंट्रल किचनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी 2002 च्या सुमारास हेच सुरू केलं, त्या तिथे केटरिंगचं काम बघायच्या आणि स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचं करायचं काय इथून सुरुवात झाली. मुंबईचं उदाहरण पुण्याच्या रेडिओवर दिलं म्हणून रागावू नका, चांगलं ते चांगलं.

आता शनिवार-रविवार. टायमर लावला तरी पाइप निघतो, माकड येतं, लाइट जाते. त्या दिवशी ऑफिसात असतात ते सिक्युरिटीचे काका आणि हाऊसकीपिंगच्या मावशी. आमच्या मावशी बीडकडच्या, शेतातून आलेल्या. आमच्यातला एक मुलगा फवाऱ्याने मिरचीची पानं धूत होता तर त्या म्हणाल्या, "दादा, पानाला काय आंघोळ घालतो, बुडाला दे." मावा, म्हणजे ती रस शोषणारी बारीक कीड, त्याची सुरुवात त्यांना पानाच्या वळण्यावरून कळते, आम्ही अॅप उघडून फोटो काढेपर्यंत त्यांनी शेंडा खुडलेला असतो. पण बऱ्याच ऑफिसांत होतं काय, पाणी मावशींनी घालायचं आणि मेथीच्या जुडीबरोबर फोटो मॅडमनी टाकायचा, आणि मावशी तर ग्रुपमध्येही नसतात. हे मला अजिबात पटत नाही. त्यांना ग्रुपमध्ये घ्या, सुट्टीच्या दिवशी पाणी घालायचं तर त्याचे पैसे ठरवून द्या, आणि भाजी निघाली की पहिली जुडी त्यांची. हे नियम बी आणायच्या आधी ठरवायचे.

भाजी वाटायचं भांडण टाळायचं असेल तर चाळीस माणसांत आठ वांगी असला प्रकार करू नका, पालेभाजी लावा. मेथी महिन्याभरात निघते, धणे रगडून दोन फाका करून पेरले की कोथिंबीर, पुदिना आणि कढीपत्ता तर कँटीनलाच देऊन टाका.

फुलांचं एक गंमतशीर सांगते. आमच्याकडे शेवंतीच्या दोन ओळी होत्या, एकाच दिवशी लावलेल्या, खत तेच, पाणी तेच. दिवाळीनंतर एक ओळ पिवळीधमक आणि दुसरी नुसती हिरवीगार, कळीचा पत्ता नाही. कारण दुसऱ्या ओळीवर रात्रभर फ्लडलाइट. शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड अंधारी रात्र लागते, उजेडात तिला वाटतं अजून दिवस मोठाच आहे. लाइट बंद करायला सिक्युरिटीने साफ नकार दिला, बरोबरच आहे त्यांचं, मग कुंड्या उचलून टाकीच्या मागे नेल्या आणि तिथे कळ्या धरल्या.

झेंडूचं असं काही नाही, तो उजेडात पण फुलतो. खंडेनवमीला ऑफिसात कॉम्प्युटरची, मशीनची पूजा होते, तेव्हा मार्केट यार्डात झेंडूचा भाव काय असतो ते तुम्हाला माहितीच आहे. कॅलेंडर काढा, दसऱ्यापासून अडीच महिने मागे मोजा, त्या आठवड्यात बी टाका, रोप वीतभर झालं की शेंडा खुडा म्हणजे फांद्या फुटतात. पण पेरायच्या आधी त्या अडीच महिन्यांतले सगळे शनिवार-रविवार आणि गणपतीच्या सुट्ट्या कागदावर लिहा आणि प्रत्येक तारखेसमोर एक नाव टाका.