थडग्याचं छप्पर, टपाल खात्याचा लाल

[दृश्य: लंडन, पिकॅडिली. बर्लिंग्टन हाउसची कमान]

कमानीत शिरलं की डाव्या हाताला एक लाल टेलिफोन बूथ दिसतो. शहरातल्या इतर बूथसारखाच. हात लावून पाहिलं तर मात्र फरक कळतो. बाकीचे बिडाचे, हा लाकडाचा.

१९२४ साली ब्रिटिश टपाल खात्यासाठी बूथच्या नव्या आराखड्याची स्पर्धा झाली. तीन वास्तुविशारदांना बोलावणं गेलं, प्रत्येकाचा लाकडी नमुना तयार झाला. निवड झाली सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांची. बाविसाव्या वर्षी लिव्हरपूलच्या अवाढव्य कॅथेड्रलचं काम मिळवलेले हेच ते स्कॉट. तो जिंकलेला नमुना आज आपल्यासमोर उभा आहे.

[दृश्य: ओल्ड सेंट पँक्रस चर्चचं आवार]

आता छपराकडे बघा. चारही बाजूंनी कमानदार, बुटका घुमट. वास्तुविशारद सर जॉन सोन यांनी पत्नी वारल्यावर बांधलेल्या या थडग्यावर तसंच छत आहे. स्कॉट यांना घुमट इथूनच सुचला, असं अभ्यासक मानतात. सोन यांच्या संग्रहालयाचे स्कॉट विश्वस्तही होते. म्हणजे लोकांनी प्रेमाच्या गप्पा मारल्या, उधारीचे तगादे लावले, ते सगळं एका थडग्याच्या छपराखाली!

लाल रंग मात्र स्कॉट यांचा नव्हे. त्यांना बाहेरून चंदेरी आणि आतून हिरवट निळा हवा होता. टपाल खात्याने ऐकलं नाही. खेड्यापाड्यांत या भडक रंगावर इतकी कुरकुर झाली, की काही निसर्गरम्य भागांत करडा बूथ आणि काचांच्या पट्ट्या तेवढ्या लाल, अशी तडजोड करावी लागली. गंमत म्हणजे, जिथे हे बूथ टिकले, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी पुढे लोकांनीच ते लाल रंगवले.

स्कॉट यांचा हा पहिला आराखडा, के-टू, वजनाला सव्वा टन आणि महागडा. तो मुख्यतः लंडनपुरता राहिला. देशभर पोचला तो १९३५ सालचा के-सिक्स. राजे पाचवे जॉर्ज यांच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवासाठी स्कॉट यांनीच केलेला, आकाराने लहान. असे सुमारे ६०,००० बूथ उभे राहिले.

[दृश्य: भंगाराच्या आवारात आडवे पडलेले बूथ]

१९८४ साली ब्रिटिश टेलिकॉमचं खासगीकरण झालं आणि लाल बूथ काढून नवे, साधे बूथ बसवायचं ठरलं. लोक भडकले. मग संरक्षित इमारतींची सरकारी वारसा यादी पुढे आली. आज दोन हजारांहून जास्त बूथ त्या यादीत आहेत. कायद्याच्या लेखी ही चक्क इमारत! हलवायची किंवा तिचं रूप बदलायचं, तर परवानगी लागते.

पण यादी जपते ती पेटी. फोन नव्हे. आतलं यंत्र बंद झालेले कितीतरी बूथ गावांनी एका पौंडाला दत्तक घेतले. कुठे पुस्तकांचं कपाट झालं, कुठे हृदयाला विजेचा झटका देणारं उपकरण बसलं.

चालू फोनसाठी नियम वेगळे. बूथमधला फोन काढू द्यायचा की नाही, यासाठी दूरसंचार नियामक ऑफकॉमने २०२२ साली ठरवलेले निकष रुक्ष आहेत: तिथे मोबाइलला पुरेशी रेंज नाही का, अपघात जास्त होतात का, वर्षभरात निदान ५२ कॉल झाले का. तिथे घुमट कोणी विचारत नाही.