बाणाची पिसे : घरच्या घरी दुरुस्ती

उपस्थित पालकहो, आणि आपापले बाण सोबत घेऊन आलेल्या मुला-मुलींनो,

आजचा विषय व्याख्यानाच्या मानाने लहान आहे. बाणाचे पीस फाटले, उखडले किंवा मुडपले, तर परभणीसारख्या गावात, जिथे तिरंदाजीचे सामान मिळण्याची सोय हाताशी नसते, ते घरी कसे नीट करावे, एवढेच मला सांगायचे आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके असलेल्या धनुष्याच्या, प्रकारात जगज्जेते झाले, त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या हाती चांगले कार्बनचे बाण दिसू लागले. पण त्या बाणांचे एखादे पीस निघाले की पूर्ण बाण माळ्यावर जातो, हे मला पाहवत नाही.

पीस नेमके काय करते, ते आधी ध्यानात घ्यावे. दोरी सुटते तेव्हा बाणाची काडी वाकते आणि लवलवतच पुढे जाते. टोकाच्या वजनामुळे तिचा गुरुत्वमध्य पुढच्या बाजूला असतो आणि हवेचा अडथळा मात्र शेपटाकडच्या पिसांवर बसतो. त्यामुळे शेपूट रेषेबाहेर गेले की हवाच त्याला ओढून पुन्हा रेषेत आणते. पिसे किंचित तिरपी चिकटवलेली असतील तर बाण स्वतःभोवती फिरतो आणि काडीतला बारीकसा वाक एकाच दिशेला खेचत राहत नाही. तीनपैकी एक पीस अर्धे फाटले की हा तोल मोडतो. ७० मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १२.२ सेंटिमीटरचे असते, तिथे एवढा फरक पुरतो.

दुरुस्तीला बसल्यावर सगळ्यांचा हात आधी गोंदाच्या नळीकडे जातो. माझे म्हणणे असे, की चिकटवणे हे या कामातले सर्वांत सोपे आणि सर्वांत शेवटचे काम आहे. खरी दुरुस्ती तपासण्यात आणि पुसण्यात असते. पीस बहुधा आपोआप निघत नाही. बाण दुसऱ्या बाणावर आदळलेला असतो, चौकटीच्या लाकडाला घासलेला असतो किंवा गवतात शिरून ओढून काढलेला असतो, आणि त्याच धक्क्याने काडीलाही चीर गेलेली असू शकते. म्हणून कार्बनची काडी दोन्ही हातांत धरून, चेहऱ्यापासून दूर ठेवून, हलकेच वाकवावी, थोडी फिरवावी, पुन्हा वाकवावी, आणि कान देऊन ऐकावे. करकर असा आवाज आला, बोटाला तंतू टोचले किंवा बारीक रेघ दिसली, तर त्या बाणाला पीस लावू नये. तो मोडून टाकावा, म्हणजे घरातले दुसरे कोणी चुकून वापरणार नाही. तडकलेला कार्बन दोरी सुटतानाच फुटतो आणि त्याच्या सळया धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. नॉकची, म्हणजे शेपटाकडे दोरीत अडकणाऱ्या टोपणाची, खाचही याच वेळी पाहावी.

काडी शाबूत असेल तर जुने पीस काढावे. बोथट सुरी काडीला जवळजवळ समांतर धरून गोंद खरवडावा. धारदार पाते उभे धरले तर कार्बनचे तंतू कापले जातात आणि आपणच बाण निकामी करतो. मग केमिस्टकडे मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती जागा पुसावी आणि पुसल्यावर तिला बोट लावू नये. कोरोनाच्या काळातले सॅनिटायझर घरोघरी उरले आहे, पण त्यात बहुधा ग्लिसरीन असते आणि त्याचा थर मागे राहतो. नेलपॉलिश रिमूव्हरही नको.

पीस पक्ष्याचे असेल तर ते टाकून देण्याची घाई करू नये. त्याचे तंतू एकमेकांना सूक्ष्म आकड्यांनी जोडलेले असतात, त्यामुळे फाटल्यासारखे दिसणारे पीस बुडापासून टोकाकडे चिमटीत हलके ओढले की पुष्कळदा पुन्हा मिटते. पक्षी चोचीने तेच करतो. चुरगळलेले पीस चहाच्या भांड्याच्या वाफेवर काही सेकंद फिरवत धरले की सरळ होते. वाफेचा हा उपाय पक्ष्याच्या पिसालाच चालतो. प्लास्टिकच्या पिसाला लाट पडली असेल तर ते गरम पाण्यात क्षणभर बुडवून पाहावे, आणि पातळ फिल्मची गुंडाळलेली स्पिन पिसे दुरुस्त करण्याच्या भानगडीत न पडता सरळ बदलावीत.

मागे एका मुलाने पैठणहून, नाथसागराच्या काठावर पडलेली पिसे आणली होती आणि ती बाणाला लावू का, असे विचारले. महाभारतात बाणांना कंकपत्र, म्हणजे कंक पक्ष्याची पिसे लावलेले, म्हटले आहे, गिधाडाच्या पिसांच्या बाणांचेही उल्लेख आहेत, त्यामुळे त्याचा प्रश्न परंपरेला धरूनच होता. पण वन्य पक्ष्यांची पिसे बाळगण्यावर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे निर्बंध आहेत. टर्कीची तयार पिसे विकत मिळतात, ती घ्यावीत. तीही एका बाणावर सगळी उजव्या पंखाची किंवा सगळी डाव्या पंखाची हवीत, कारण त्यांचा नैसर्गिक बाक उलटसुलट असतो.

आता जागा आखणे. जिग, म्हणजे पिसे समान अंतरावर धरणारा साचा, नसेल तर कागदाची अरुंद पट्टी काडीभोवती एकदा गुंडाळून जिथे टोक जुळते तिथे खूण करावी, ती लांबी मोजून तिचे तीन समान भाग करावेत आणि पट्टी पुन्हा गुंडाळून त्या खुणा काडीवर उतरवाव्यात. साडेपाच मिलिमीटर जाडीच्या काडीवर दोन पिसांमध्ये पावणेसहा मिलिमीटरच्या आसपास अंतर येते. वेगळ्या रंगाचे पीस नॉकच्या खाचेला काटकोनात, म्हणजे रिकर्व्हवर (टोके पुढे वळलेल्या धनुष्यावर) बाण चढवल्यावर धनुष्यापासून बाहेरच्या बाजूला येईल असे धरावे. नॉकपासून साधारण एक इंच जागा बोटांसाठी मोकळी सोडावी.

गोंद म्हणून फेविक्विक चालते. ते सायनोअ‍ॅक्रिलेट आहे आणि हवेतल्या ओलाव्याने घट्ट होते. म्हणूनच आपल्याकडे मे महिन्यात, पारा ४२ अंशांवर आणि हवा कोरडीठाक असताना, ते धरायला वेळ घेते, तर श्रावणात ते झटकन धरून भोवती पांढरी पूड सोडते. उन्हाळ्यात घाई करू नये, पावसाळ्यात थेंब कमी घ्यावा. सांडलेला गोंद कापसाने मात्र कधीही टिपू नये. कापूस आपल्या घरात हाताशीच असतो, पण त्यावर हा गोंद पडला की इतका तापतो की बोट भाजते आणि धूरही निघतो. पक्ष्याच्या पिसाच्या पुढच्या टोकावर गोंदाचा एक जादा थेंब द्यावा. ते टोक उचललेले राहिले तर बाण सुटताना हातात काट्यासारखे घुसते.

एक चूक माझीच सांगतो. स्पर्धेच्या आदल्या रात्री पांढरी पिसे संपली, म्हणून मी एका बाणाला पिवळे लावले. एका फेरीतले सर्व बाण पिसांच्या रंगासह एकसारखे असावेत, हा नियम मला पाठ होता, तरी रात्री तो आठवला नाही. सकाळी पंचांनी तो बाण बाजूला काढला. तेव्हापासून मी एक पीस गेले तर जोडीचे पीस शोधत बसत नाही, तिन्ही काढून एकाच पाकिटातली नवी लावतो.

दुरुस्त बाण एक रात्र तसाच ठेवावा, पत्र्याच्या पेटीत नव्हे. दुसऱ्या दिवशी त्यावर क्रमांक लिहून तो १८ मीटरवरून इतर बाणांबरोबर निदान सहा वेळा सोडावा आणि तो कुठे लागतो ते वहीत टिपावे. सहाही वेळा तो एकाच बाजूला वेगळा पडला, तर नॉक किंचित फिरवून पुन्हा सहा वेळा सोडावा. तरीही वेगळाच पडला, तर तो सरावाच्या बाणांत टाकावा. आता ज्यांनी बाण आणले आहेत त्यांनी पुढे यावे, आधी काड्या तपासू.